‘जोडपे पाहिजे, राहण्या-जेवणाची सोय’: एका धर्मादाय वृद्धाश्रमातील नोकरीचे परीक्षण

जिल्हा आवृत्त्यांच्या छोट्या जाहिरातींत ‘वृद्धाश्रमासाठी जोडपे पाहिजे, राहण्या-जेवणाची सोय, पगार समक्ष’ अशी ओळ वर्षभर कुठे ना कुठे असतेच. ती वाचून अर्ज करणारी बरीच कुटुंबे तिशीच्या आसपासची, एक-दोन लहान मुले असलेली आणि शहरातल्या भाड्याने मेटाकुटीला आलेली असतात. वृद्धाश्रम कसा निवडावा याविषयी रहिवाशांच्या नातेवाइकांसाठी पुष्कळ लिहिले जाते. तिथे राहून काम करणाऱ्याने आपल्या मुलाबाळांसह तिथे जावे की नाही, हे ठरवण्यासाठी मात्र त्याच्या हाती फारसे काही लागत नाही. मी परिचारिका आहे, माझे पती याच संस्थेत गाडी चालवण्याचे आणि इमारतीच्या देखभालीचे काम पाहतात, आणि आमची दोन मुले याच आवारात वाढत आहेत. नोकरी देणारी आणि कुटुंबाला छप्पर देणारी म्हणून ही संस्था कशी आहे, एवढ्याच बाजूने मी येथे तिचे परीक्षण करीत आहे.

संस्था सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाजवळ आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण आवार लहान आहे आणि नाव दिले की रहिवाशांची व सहकाऱ्यांची ओळख सहज पटेल. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० याखाली नोंदलेला हा न्यास आहे. सुमारे साठ आजी-आजोबा येथे राहतात. त्यांपैकी जवळजवळ निम्मे अंथरुणाला खिळलेले किंवा स्मृतिभ्रंश झालेले आहेत, आणि अनेकांकडून एक रुपयाही घेतला जात नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, दीडशे निराधार ज्येष्ठांना सामावणारे वृद्धनिवास शासनाने उभारावे अशी कल्पना मांडली. प्रत्यक्षात या कामाचा मोठा भार अशा लहान धर्मादाय संस्थाच उचलत आल्या आहेत. त्या कायद्यात रहिवाशांच्या औषधोपचाराचा आणि करमणुकीचाही विचार केलेला दिसतो. त्यांना रात्री उठवून कूस बदलून देणाऱ्या माणसाच्या घराचा विचार मात्र ज्याने त्याने आपापल्या संस्थेत करून घ्यायचा असतो.

घराविषयी थोडक्यात सांगते. आम्हाला दोन खोल्या, ओटा आणि स्वतंत्र न्हाणी-संडास असे निवासस्थान मिळाले आहे. भाडे नाही, विजेचे बिल मीटरप्रमाणे आम्ही भरतो. छत पत्र्याचे असल्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी आत बसवत नाही, आणि लहान मुलाला झोपवायचे असेल तर संस्थेच्या सभागृहात न्यावे लागते. पाणी भरपूर आहे. ड्युटीच्या दिवशी जेवण संस्थेच्या स्वयंपाकघरातून मिळते, मुलांनाही मिळते, आणि ते रहिवाशांना वाढतात तेच असते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मात्र ते कमी तिखट-मिठाचे आणि मऊ शिजवलेले असल्यामुळे मुले लवकर कंटाळतात, म्हणून आमची चूल रोज एकदा तरी पेटते.

आता मुख्य विषयाकडे येते, तो म्हणजे कामाचे तास.

निवासी सेवेतले काम बाहेरून पाहणाऱ्याला भावनेचे वाटते. आत ते घड्याळाचे आहे. अंथरुणावरच्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर शय्याव्रण होतात, आणि एकदा झालेला व्रण भरायला कित्येक आठवडे लागतात. नळीने अन्न देताना माणसाला उंच बसवावे लागते आणि त्यानंतर किमान अर्धा तास तसेच ठेवावे लागते, कारण अन्न श्वासनलिकेत उतरले तर न्यूमोनिया होतो आणि या वयात त्यातून माणूस सहसा उठत नाही. ही कामे घाईने उरकत नाहीत आणि पुढेही ढकलता येत नाहीत. त्यामुळे ‘मुलाला ताप आहे, तासभर घरी जाऊन येते’ असे कर्मचारी तेव्हाच म्हणू शकतो, जेव्हा त्या तासापुरते दुसरे माणूस वॉर्डात उभे असते. संस्थेचे मन किती मोठे आहे यापेक्षा तिच्या पाळ्यांच्या तक्त्यात एक माणूस जास्तीचे आहे की नाही, यावर आईला घरी जाता येते की नाही हे ठरते. नोकरी स्वीकारण्यापूर्वी मी इतरांना हाच एक प्रश्न विचारायला सांगेन.

येथे सकाळी सात ते दोन, दुपारी दोन ते रात्री नऊ आणि रात्री नऊ ते सकाळी सात अशा तीन पाळ्या आहेत. नाइटनंतरचा पूर्ण दिवस सुट्टीचा असतो. महिन्याचा तक्ता आदल्या महिन्याच्या पंचवीस तारखेला फलकावर लागतो आणि त्यात बदल करायचा झाला तर अधीक्षक आधी त्या माणसाला विचारतात. पाळी बदलताना होणारा हँडओव्हरचा, म्हणजे पुढच्या माणसाला काम सोपवण्याचा, वेळ ड्युटीतच धरला जातो. पती-पत्नी दोघेही संस्थेत असतील तर दोघांना एकाच वेळी रात्रीची पाळी लावली जात नाही, असा लेखी नियम आहे. हे सगळे वाचताना अगदी साधे वाटेल, पण मी पूर्वी ज्या संस्थेत होते तिथे यांतले काहीही नव्हते. तिथे बारा तासांची ड्युटी होती आणि ती संपल्यावरही, आत राहणारा माणूस म्हणजे कायम हजर असलेला माणूस, असेच सर्वांनी धरलेले होते. कोणी पलंगावरून पडले, कोणाची लघवीची पिशवी बदलायची राहिली, देणगीदार अचानक आले, की आमच्या दारावर थाप पडत असे. माझी मोठी मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. तिला अर्धवट सोडून मी कितीदा धावले असेन, हे आठवले तरी अजून वाईट वाटते.

त्याच संस्थेत आणखी एक प्रथा होती, जी ‘जोडपे पाहिजे’ या जाहिरातींत बहुधा दडलेली असते आणि म्हणून ती येथे स्पष्ट लिहिते. पगार जोडप्याला मिळून एक होता आणि तो पतीच्या नावावर निघत असे. माझे नाव हजेरीपुस्तकात नव्हते. माझे काम ‘मदत’ समजले जात असे, त्यामुळे मी तेथून निघाले तेव्हा माझ्याकडे अनुभवाचा दाखला नव्हता, भविष्यनिर्वाह निधीचे खाते नव्हते आणि बाळंतपणाच्या रजेचा विषय तर निघालाच नाही. सध्याच्या संस्थेत आम्हा दोघांची नेमणूकपत्रे वेगळी आहेत, बँक खाती वेगळी आहेत आणि भविष्यनिर्वाह निधीत दोघांच्याही नावाने रक्कम जमा होते. एकाने नोकरी सोडली तर दुसऱ्याचे निवासस्थान तीन महिन्यांपर्यंत जात नाही, हेही नेमणूकपत्रात आहे. जोडपे म्हणून घेतले तरी माणसे दोन आहेत, एवढे ज्या संस्थेला कळते तिच्याशी पुढचे बोलता येते.

घरी असताना बोलावणे येते का, हा प्रश्न मला अनेक जणी विचारतात. येते. पण त्यासाठी येथे एक वही आहे. त्या आठवड्यात कोणाला बोलवायचे याची नावे ठरलेली असतात; ज्याला बोलावले त्याची वेळ वहीत लिहिली जाते आणि तेवढी भरपाई सुट्टी मिळते. आग, मृत्यू किंवा एखाद्याला तातडीने रुग्णालयात हलवणे याखेरीज यादीबाहेरच्या माणसाच्या दारावर थाप मारायची नाही, असे ठरलेले आहे आणि ते बहुतांशी पाळले जाते. बहुतांशी म्हणते, कारण शववाहिका किंवा रुग्णवाहिका आवारात आली की आपण होऊनच बाहेर जावे लागते; ते कोणत्याही वहीत बसत नाही आणि बसावे अशी माझी अपेक्षाही नाही.

संध्याकाळच्या वेळेविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे. स्मृतिभ्रंश झालेल्या अनेक माणसांची अस्वस्थता दिवस मावळताना वाढते. साडेपाच-सहानंतर कोणी ‘मला घरी जायचे आहे’ म्हणून फाटकाकडे निघते, कोणी कपडे उतरवते, कोणी जुन्या एखाद्या भीतीने रडू लागते. नेमक्या त्याच वेळी आमची मुले शाळेतून येऊन भुकेलेली असतात, त्यांचा गृहपाठ असतो आणि त्यांना दिवसभरातले काहीतरी सांगायचे असते. वॉर्डातला सर्वांत कठीण काळ आणि घरातला सर्वांत गरजेचा काळ एकच असणे, हीच या नोकरीतली मुख्य अडचण आहे, आणि बाहेरच्या कोणालाही ती सहसा दिसत नाही. दुपारच्या पाळीतली आई नऊ वाजता घरी येते तेव्हा तिचा संयम वॉर्डातच संपलेला असतो. शांत आवाजात बोलणे, तीच गोष्ट दहा वेळा समजावणे, हात झटकला तरी पुन्हा पुढे करणे हे सगळे तिने दुसऱ्यांसाठी खर्च केलेले असते.

संस्थेने यावर काढलेला मार्ग मला फार योग्य वाटतो. गावातल्या चार बायका पाच ते आठ या वेळेपुरत्या मानधनावर येतात. त्यांना उपचाराचे काम देत नाहीत. त्या आजींबरोबर आवारात फेऱ्या मारतात, शेंगा सोलायला बसवतात, हरिपाठ म्हणतात, जेवताना शेजारी बसतात. त्यामुळे दुपारच्या पाळीतल्या लहान मुलांच्या आयांना आळीपाळीने पाऊण तास घरी जाऊन येता येते. आधी हे केवळ आमच्या सोयीसाठी होते. पण त्या वेळेत पडण्याचे प्रसंग कमी होऊ लागले आणि रात्रीच्या झोपेच्या गोळ्यांची गरजही काही जणांत घटली, असे आमच्या डॉक्टरांच्या लक्षात आले. कर्मचाऱ्याच्या घरासाठी केलेली सोय रहिवाशाच्याच अंगी लागते, हे मी येथे डोळ्यांनी पाहिले आहे.

पाळणाघर हे या संस्थेचे दुसरे मोठे जमेचे अंग आहे. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठीची भरपगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झाले. आमच्याकडे पन्नास कर्मचारी नाहीत, म्हणजे न्यासावर तशी सक्ती नाही. तरीही स्वयंपाकघरामागच्या खोलीत सकाळी साडेसहा ते संध्याकाळी सहापर्यंत पाळणाघर चालते आणि तिथली ताई संस्थेच्या वेतनपत्रकावर आहे. स्वच्छता करणाऱ्या मावशींची मुले, स्वयंपाकिणीची मुले आणि आमची मुले एकत्र असतात. धाकटा तान्हा असताना मला ड्युटीत दोन वेळा त्याला पाजायला जाता येत असे. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कायद्यानेही तशा दोन विश्रांती मिळतात, पण वॉर्डातून पाळणाघर शंभर पावलांवर असले तरच त्या कायद्याचा उपयोग होतो. पाळणाघराची मोठी उणीव उघड आहे. ते सहाला बंद होते आणि दुपारची पाळी नऊला सुटते. ज्यांचे पती किंवा सासूबाई सोबत नाहीत अशा दोन सहकारी मैत्रिणींना या तीन तासांसाठी शेजारधर्मावर अवलंबून राहावे लागते. त्यांच्यापैकी एकीने याच कारणाने दुपारची पाळी कायमची सोडून रात्रीची घेतली आहे, आणि तिच्या प्रकृतीवर त्याचा परिणाम दिसतो.

आरोग्याचा विषय मुलाबाळांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे आणि मुलाखतीत तो कोणीच काढत नाही. निवासी संस्थांत खरूज पसरते. वृद्धांमध्ये तिची लक्षणे नेहमीसारखी दिसत नाहीत, कोरड्या त्वचेची खाज समजून दुर्लक्ष होते आणि पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. तोवर ती पांघरुणातून आणि स्पर्शातून कर्मचाऱ्यांच्या घरापर्यंत पोहोचलेली असते. आमच्याकडे असे झाले तेव्हा अधीक्षकांनी एका दिवशी, एकाच वेळी सर्व रहिवासी, सर्व कर्मचारी आणि आवारातली सर्व कुटुंबे यांना परमेथ्रिनचे मलम लावायला लावले, कपडे-चादरी गरम पाण्यात धुऊन घेतल्या आणि आठवड्याने मलमाची दुसरी फेरी केली. खर्च संस्थेने केला. ‘मुलांचे तुम्ही बघा’ असे म्हटले असते तर खरूज आमच्या घरातून पुन्हा वॉर्डात आली असती, हे त्यांना समजले होते. त्यानंतर ड्युटी संपल्यावर संस्थेतच अंघोळ करून गणवेश तिथेच ठेवायचा, असा नियम झाला आणि त्यासाठी गरम पाण्याची सोय झाली. हिपॅटायटिस बी लसीच्या तीन मात्रांपैकी पहिली रुजू होतानाच दिली जाते. माणसाला उचलताना दोघांनीच उचलायचे आणि सरकवण्याची चादर वापरायची, हेही येथे काटेकोरपणे शिकवतात. दिवसा आजोबांना उचलणारी आणि संध्याकाळी तीन वर्षांचे मूल कडेवर घेणारी पाठ एकच असते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हाचा काळ या परीक्षणातून वगळता येणार नाही, कारण कुटुंबासह निवासी काम करण्याची खरी किंमत त्या वेळी समोर आली. वृद्धांना संसर्गापासून वाचवायचे तर बाहेरचा संपर्क तोडणे भाग होते. पंधरा-पंधरा दिवसांच्या तुकड्या पाडल्या गेल्या. ज्यांची पाळी असे ते वॉर्डालगतच्या सभागृहातच राहत आणि झोपत. माझी मुले चाळीस पावलांवर होती आणि त्या पंधरवड्यात मला त्यांना जवळ घेता येत नव्हते. माझ्या पतीने घर सांभाळले. ज्या मैत्रिणीला घरी दुसरे कोणी नव्हते तिला अधीक्षकांनी आतल्या तुकडीत घेतले नाही, धुलाई आणि कोठार यांचे काम दिले आणि पगार कापला नाही. देणग्या आटल्या होत्या, तरी पगार थोडे उशिरा का होईना पूर्ण झाले. १६ जानेवारी २०२१ पासून आरोग्य कर्मचाऱ्यांचे आणि १ मार्चपासून साठ वर्षांवरील नागरिकांचे लसीकरण सुरू झाल्यावर हळूहळू फाटक उघडले. त्या काळात संस्थेने जे निभावले त्याबद्दल मला आदर आहे. तरीही एक उणीव नोंदवते: तुकड्यांचा निर्णय जाहीर करण्यापूर्वी कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांशी बोलणे झाले नाही. मुलांना आदल्या संध्याकाळी समजावून सांगण्याइतकाही वेळ मिळाला नाही, आणि माझ्या मुलीने ते पुष्कळ दिवस मनात ठेवले.

मुलांवर या आवाराचा काय परिणाम होतो, हे विचारणाऱ्या आई-वडिलांना मी खरे तेच सांगते. मुले मृत्यू लवकर पाहतात. ज्या आजोबांनी काल पत्ते खेळायला बसवले त्यांची खाट आज रिकामी असते. आम्ही त्यांना खोटे सांगत नाही. आजोबा गेले, ते आजारी होते, त्यांना फार दुखत नव्हते, असे सांगतो, आणि इच्छा असेल तर फूल वाहायला नेतो, नसेल तर नेत नाही. मुलगी आता सहावीत आहे. कोणाला पाणी घट्ट करून चमच्याने द्यायचे, कोणाशी उजव्या कानाजवळ बोलायचे, कोणाला मागून हात लावायचा नाही, हे तिला माहीत आहे, आणि ते तिला कोणी मुद्दाम शिकवलेले नाही. धाकट्याला मात्र ओरडण्याची भीती वाटते. एक आजी रात्री मोठ्याने हाका मारतात आणि त्या आमच्या खोलीपर्यंत ऐकू येतात. त्यासाठी आम्ही निवासस्थान बदलून मागितले आणि ते मिळायला एक पावसाळा गेला. प्रत्येक मूल या वातावरणात सारखेच रुळते असे समजू नये.

आणखी एक धोका आहे तो मुलांच्या वापराचा. पाहुणे आले की ‘मुलांनो, आजींना नमस्कार करा, गाणे म्हणा’ असा आग्रह होतो, आणि त्याची छायाचित्रे देणगीच्या पत्रकांवर जातात. आमच्या अधीक्षकांनी कर्मचाऱ्यांच्या मुलांची छायाचित्रे काढण्यास लेखी मनाई केली आहे. मुलांना हे आवार म्हणजे त्यांचे घर आहे, तिथे ती कोणाच्या पुण्यकर्माची शोभा वाढवण्यासाठी राहत नाहीत, ही जाणीव या निर्णयामागे आहे आणि मला ती मोलाची वाटते.

देणगीदारांचा विषय निघालाच आहे तर पितृपक्षाविषयी लिहायला हवे. भाद्रपदाच्या वद्य पक्षात अन्नदानासाठी संस्थेत इतकी गर्दी होते की सर्वपित्री अमावास्येला दोन-तीन घरची जेवणे एकाच दिवशी येतात. खीर, वडे, जिलेबी यांची रेलचेल होते आणि मधुमेही आजोबांना आवरणे हे त्या पंधरवड्यातले मोठे काम असते. त्याच दिवसांत कर्मचाऱ्यांच्या घरीही श्राद्धे असतात, पण रजा मिळत नाही. पुढे आषाढात कोणी फिरकत नाही. वर्षाच्या ठरावीक दिवशी एक वेळचे जेवण देण्याऐवजी संध्याकाळच्या एका मदतनिसाचे महिन्याचे मानधन द्यावे, असे काही देणगीदारांना विश्वस्तांनी सुचवून पाहिले आहे. दोघांनी ते मान्य केले. बाकीच्यांना आपल्या वडिलांच्या तिथीला पंगत उठताना पाहायची असते, आणि त्यांची भावना मला समजते. फक्त त्या पंगतीत वाढणाऱ्या हातांनाही घर आहे, एवढे त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवे.

महाराष्ट्रात अशा संस्थांची परंपरा मोठी आहे आणि तिच्यात संस्थापकांच्या कुटुंबांनी फार सोसले आहे. वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले तेव्हा बाबा आणि साधनाताई आमटे यांची विकास आणि प्रकाश ही दोन्ही मुले अगदी लहान होती. अण्णा कर्व्यांनी १८९६ साली सुरू केलेल्या अनाथ बालिकाश्रमासाठी पार्वतीबाई आठवले यांनी, पदरी मुलगा असलेल्या विधवा असताना, आयुष्य वेचले आणि निधी जमवण्यासाठी त्या गावोगाव फिरल्या. सिंधुताई सपकाळ यांनी तर इतर लेकरांत आणि आपल्या लेकीत भेद होऊ नये म्हणून पोटच्या मुलीला दूर ठेवले. ही उदाहरणे मला वंदनीय आहेत. परंतु ती त्या माणसांनी स्वतः पत्करलेली आयुष्ये होती. बैठकीत कर्मचाऱ्याने रजा मागितली की याच नावांचा दाखला देणारे विश्वस्त मी पूर्वीच्या संस्थेत पाहिले आहेत, आणि तो दाखला अन्यायाचा आहे. महिन्याच्या पगारावर काम करणारी मावशी तिच्या मुलाच्या शाळेची सभा चुकवते तेव्हा तिने कोणताही संकल्प सोडलेला नसतो; तिला तिथे जायचे असते आणि तिला जाता आले पाहिजे. सध्याच्या संस्थेत त्यागाची भाषा बैठकीत वापरली जात नाही. आमच्या अध्यक्षांनी एकदा स्पष्ट सांगितले की दया करायची ती न्यासाने, आपल्या पैशातून करावी. कर्मचाऱ्याच्या वेळेतून करू नये. मी येथे टिकून आहे त्याला हेही एक कारण आहे.

पगार ही संस्थेची कमकुवत बाजू आहे. माझ्या हातात सोळा हजार पाचशे रुपये येतात, पतीच्या हातात चौदा हजार. खासगी रुग्णालयात मला यापेक्षा अधिक मिळू शकेल; मात्र भाडे, पाळणाघराचा खर्च आणि येण्याजाण्याचा वेळ जमेस धरला तर मूल लहान असेपर्यंत हा व्यवहार तोट्याचा नाही. मूल मोठे झाले की हिशेब बदलतो. मुलीच्या माध्यमिक शाळेसाठी तालुक्याला जावे लागणार, शिकवणीचा खर्च येणार, आणि निवासस्थानाचा फायदा तेवढाच राहणार. दरवर्षीची वाढ ठरलेली नाही, विश्वस्तांच्या मर्जीवर आहे, आणि आवारात राहिल्यामुळे स्वतःचे घर घेण्याची निकड वाटत नाही, हा तर मला सर्वांत मोठा धोका वाटतो. आमच्याकडचे एक जोडपे निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर कुठेही छप्पर नव्हते. या नोकरीत येणाऱ्याने पहिल्या महिन्यापासून भाड्याच्या वाचलेल्या रकमेइतकी बचत वेगळी ठेवावी.

ज्यांचे मूल सहा-सात वर्षांच्या आतले आहे, पती-पत्नी दोघांनाही या कामाची खरी ओढ आहे आणि घरातल्या जबाबदाऱ्या दोघे सारख्या उचलतात, अशा कुटुंबाला मी ही संस्था मनापासून सुचवेन. एकट्या आईने मात्र दुपारच्या पाळीचे काय, हे लेखी ठरवून घेतल्याशिवाय येऊ नये. कोणत्याही संस्थेत समक्ष बोलायला जाल तेव्हा मागच्या तीन महिन्यांचे तक्ते दाखवायला सांगा, नेमणूकपत्रे दोन मिळतील का हे विचारा, आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास जा. त्या वेळी वॉर्डात किती माणसे आहेत ते स्वतः मोजा.

पाळणाघर रात्री नऊपर्यंत चालवावे, ही आमची मागणी विश्वस्तांनी गेल्या बैठकीत तत्त्वतः मान्य केली असून संध्याकाळच्या दुसऱ्या ताईसाठी देणगीदार शोधणे सुरू आहे. ते प्रत्यक्षात आले की या परीक्षणात तशी भर घालीन.